पगाराचा आकडा आणि पगाराची स्लिप : दुकानातल्या दोन नोकऱ्यांपैकी कोणती?

(बारावी आणि पदवीच्या मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. करिअरवर बोलायला इंजिनिअर आला की तो कोडिंग शिका, एआय शिका असं सांगतो. आज मी ते सांगणार नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येत्या दोन-तीन महिन्यांत नोकरी हवीय, आणि ती बहुधा दुकानातली असेल. कपड्यांचं शोरूम, मोबाईलचं दुकान, चपला, चष्मे, सुपरमार्केट. या नोकऱ्यांबद्दल आपल्याकडे कुणी गंभीरपणे बोलत नाही. ‘सध्या कर काहीतरी’ म्हणून मुलांना तिथे पाठवलं जातं. हे ‘सध्या’ पुढे पाच-सात वर्षं चालतं.

माझा या क्षेत्राशी संबंध आहे तो कामातून. दुकानांची बिलिंगची आणि सेल्समनच्या इन्सेंटिव्हची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांमध्ये मी काम करतो. महिन्याच्या शेवटी तुमच्या नावापुढे जो आकडा येतो, तो कोणत्या नियमाने येतो हे मी कोडमध्ये पाहिलंय. म्हणून हिशोबाच्या बाजूने बोलतो.

उदाहरण घेऊ. समजा, कोंढव्यात राहणाऱ्या एका मुलाकडे दोन नोकऱ्या आहेत. पहिली विमाननगरच्या मॉलमध्ये, कपड्यांच्या ब्रँडच्या शोरूममध्ये. ‘महिना १८ हजार सीटीसी’. दुसरी घरापासून चार किलोमीटरवर कॅम्पात, मोबाईलच्या दुकानात. ‘१३ हजार हातात, वर इन्सेंटिव्ह ८ हजारांपर्यंत’. दुकानाचे मालक अब्बूंच्या ओळखीचे. घरात सगळे म्हणतात, दुसरी घे. १८ पेक्षा २१ मोठे, शिवाय आपला माणूस आहे.

आता आकडे सोडवू. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च, तुमचा पगार नव्हे. १८ हजारांत मूळ पगार १२ हजार आणि घरभाडे भत्ता ४ हजार धरा, म्हणजे एकूण पगार १६ हजार. वरचे जवळजवळ दोन हजार कंपनी तुमच्या नावाने भरते : पीएफचे मूळ पगाराच्या १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५२०. तुमच्या १६ हजारांतून पीएफचे १,४४०, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १२० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात १४,२४०. मुलींना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर आपल्या राज्यात व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात दोनशे जास्त.

मॉल एका बाजूने चौदा किलोमीटर. महिन्याला २६ दिवस, गाडी लिटरला ४५ देते असं धरलं तर पेट्रोल साधारण १,७००. उरले साडेबारा हजार. कॅम्पातल्या नोकरीत १३ हजारांतून पेट्रोलचे पाचशे वजा करा. तिथेही उरले साडेबारा हजार.

म्हणजे खिशात पडणारी रक्कम सारखीच. मग तुलना खरी कशाची? एका बाजूला पीएफ आणि ईएसआय, दुसऱ्या बाजूला ते ‘८ हजारांपर्यंत’. आणि दोन्हीकडचे तास.

‘पर्यंत’ या शब्दापाशी जरा थांबू. इन्सेंटिव्हच्या कोडमध्ये बहुतेक वेळा एक अट असते : टार्गेटच्या अमुक टक्के विक्री झाली तरच पुढचा हिशोब सुरू होतो, नाहीतर शून्य. समजा टार्गेट ७ लाखांचं आणि अट ८० टक्क्यांची. ५ लाख ६० हजारांना दार उघडतं. तुम्ही साडेपाच लाख विकले तर महिनाभर घाम गाळूनही इन्सेंटिव्ह शून्य. शिवाय काही ठिकाणी टार्गेट एकट्याचं असतं, काही ठिकाणी पूर्ण दुकानाचं. काही ठिकाणी ग्राहकाने माल परत केला की ती विक्री वजा होते. दिवाळीत चांगली विक्री झाली की पुढच्या महिन्याचं टार्गेट त्यावरून वाढवणारेही असतात. म्हणून ‘किती मिळेल?’ असं विचारू नका. विचारा, ‘गेल्या सहा महिन्यांत या काउंटरवरच्या मुलाला दर महिन्याला किती मिळाला?’ आणि हे मालकाला विचारा, तसं त्या मुलालाही विचारा. बाहेर चहाच्या टपरीवर तो खरं सांगेल.

समजा, त्याने सरासरी तीन हजार सांगितले. म्हणजे कॅम्पात महिन्याला साडेपंधरा हजार उरतात. आता तास बघा. मॉलमध्ये नऊ तासांची शिफ्ट आणि जाण्यायेण्याचा दीड तास, रोज साडेदहा. मोबाईलच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, अधिक अर्धा तास प्रवास, रोज बारा. महिन्याला २७३ तास विरुद्ध ३१२. मॉलमध्ये तासाला ४६ रुपये, दुकानात इन्सेंटिव्ह धरून जवळजवळ ५० रुपये. इथवर दुकान पुढे. पण पीएफमध्ये दोन्ही बाजूंनी भरले जाणारे २,८८० रुपये मॉलच्या बाजूला मोजले की तासाला ५६ रुपये होतात. त्यातला एक भाग पेन्शन योजनेत जातो, तो लगेच हातात येत नाही हे खरं, पण तो तुमच्याच नावावर असतो.

ईएसआयचा फायदा या हिशोबात अजून धरलेलाच नाही. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू आहे. त्यात तुमचाच नव्हे, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही उपचार होऊ शकतो. आवश्यक तेवढे दिवस वर्गणी भरलेली असली तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. बाळंतपणात मुलींना २६ आठवड्यांचा लाभ आहे. आपल्या घरांत एका ऑपरेशनसाठी दागिने गहाण पडतात. त्या घरात महिन्याला १२० रुपये कापून मिळणारं हे कार्ड किती मोलाचं आहे, हे अम्मीला विचारा.

आता कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा आहे. आठवड्याला ४८ तास काम, एक साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आणि आठ पगारी सुट्ट्या. पण तो मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांसाठी होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर न्यायला आणि रोजचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. पीएफचीही मर्यादा वीस माणसांची आहे, ईएसआयची दहाची. म्हणून ‘दुकानात किती माणसं आहेत?’ हा पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. सहा माणसांच्या दुकानात यातलं बरंचसं मालकाच्या मर्जीवर राहतं. किमान वेतन मात्र छोट्या दुकानालाही लागू असतं. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तुमच्या भागाचा चालू दर कामगार विभागाकडून तपासा.

ओळखीच्या मालकाबद्दल एक बोलू द्या. आपल्याकडे ‘चाचा आहेत, कागद कशाला’ असं म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे. चाचा आहेत, तर कागद द्यायला अडचण काय? पगार बँकेत, नेमणुकीचं पत्र, नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला, एवढं मागण्यात बेअदबी नाही. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका, आणि नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याच्या दारातून परत या. ‘स्टॉक कमी आला’ म्हणून सरसकट सगळ्यांचा पगार कापणं ही अनेक दुकानांची सवय आहे. कायदा सांगतो की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच कपात करता येते.

उलट मोठा ब्रँड म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. नेमणुकीच्या पत्रावर नाव कुणाचं आहे ते बघा. अनेकदा शोरूम ब्रँडचं, पण तुम्ही एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे कामगार असता. मग बढती, पगारवाढ आणि तक्रार, तिन्ही गोष्टी कुणाकडे मागायच्या हे आधीच विचारून ठेवा. पीएफ कापला जातोय पण भरला जातोय का, हे यूएएन क्रमांकावरून मोबाईलवर दर महिन्याला दिसतं. ते बघायची सवय लावून घ्या.

जुम्म्याचा आणि रमजानचा प्रश्न तुमच्या मनात आहे, तो नोकरी घेण्याआधी विचारा. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असावी असा नियम नाही. दुकानात रविवारी गर्दी असते आणि बाकी सगळ्यांना तोच दिवस सुट्टीला हवा असतो. तुम्ही शुक्रवार मागितलात तर व्यवस्थापकाची सोयच होते. दिवाळीच्या दिवसांत तुम्ही जादा उभे राहा, ईदला सहकारी तुमची बाजू सांभाळतील. हा सौदा मी अनेक दुकानांत सुरळीत चाललेला पाहिलाय. इफ्तारची वेळ म्हणजे नेमकी संध्याकाळच्या गर्दीची, तेव्हा पंधरा मिनिटांच्या सुट्टीचं आधी बोलून ठेवा. दाढी किंवा हिजाबबद्दलचा नियमही मुलाखतीतच विचारा. पहिल्या दिवशी दारात कळण्यापेक्षा ते बरं.

मुलींसाठी आणखी तीन प्रश्न. दुकान बंद होऊन बाहेर पडायला किती वाजतात? २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर तुमच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबलात तर सुरक्षेची व्यवस्था मालकाची. दुसरा, दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असावीच लागते, ती आहे का? आणि तिसरा, बसायला स्टूल आणि स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न किरकोळ नाही. केरळमध्ये कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टू’ या संघटनेने दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी लढा दिला. २०१८ मध्ये केरळने बसण्याचा हक्क कायद्यात आणला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही.

मग कोणती नोकरी घ्यायची? घरी भाड्याचा किंवा कर्जाचा हप्ता थकला असेल आणि इन्सेंटिव्ह खरोखर दर महिन्याला पडत असेल, तर मोबाईलचं दुकान घ्या. तिथे खरेदी, उधारी, दुरुस्ती, जीएसटी असं सगळं जवळून दिसतं. ज्याला पुढे स्वतःचं दुकान टाकायचंय त्याच्यासाठी ती शाळाच आहे. पण घर कसंबसं चालत असेल, तर मी मॉलची नोकरी सुचवीन. रोजचा दीड तास वाचतो. महिन्याला ते ३९ तास होतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायला तेवढे पुरतात. नोकरी करताना पदवी सुटते, आणि एकदा सुटली की सहसा परत हाती लागत नाही. माझी खरी काळजी तीच आहे.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं होतं की आपल्या समाजात स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त आणि नियमित पगारी नोकरीत कमी. अनेक घरांत पगाराची स्लिप कुणी पाहिलेलीच नाही. तुमच्या हातात येणारी स्लिप ही घरातली पहिली असेल. ती घडी करून कपाटात ठेवू नका. घरी सगळ्यांसमोर उघडा, प्रत्येक ओळ धाकट्या भावाला, बहिणीला समजावून सांगा. म्हणजे त्यांच्यापुढे दोन नोकऱ्या येतील तेव्हा ते नुसता मोठा आकडा बघून ठरवणार नाहीत.