जुन्या बुलडोझरांची दुखणी

बुलडोझर म्हटला की त्याचे अवाढव्य पाते डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पाते सहसा दगा देत नाही. दगा देतात ते आतले अवयव. १९४७ साली सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने ग्रासलेली जमीन मोकळी करावयास घेतली, ती अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या साखळीच्या ट्रॅक्टरांवर. बुलडोझर म्हणजे तरी काय? त्याच ट्रॅक्टरापुढे पाते बसविलेले. पुढे १९४९ साली नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे १ कोटी डॉलरांचे कर्ज घ्यावे लागले. जुने यंत्र पत्करणाऱ्याने त्याची प्रकृती आधी ओळखावी, ती यासाठीच.

पहिली परीक्षा सकाळी, यंत्र सुरू करतानाच होते. कॅटरपिलरच्या डी-७, डी-८ या यंत्रांत मोठ्या डिझेल एंजिनाला जागे करण्यासाठी दोन सिलिंडरांचे लहान पेट्रोल एंजिन असे. त्या धाकट्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्याचा कार्ब्युरेटर तुंबला की थोरला निजूनच राहतो. इंटरनॅशनलच्या टीडी-१८ मध्ये युक्ती निराळी होती. तेच एंजिन आधी पेट्रोलवर चालावयाचे, आणि गरम झाल्यावर एक दांडा ओढताच डिझेल होऊन बसावयाचे. युक्ती मोठी चतुर. पण त्यासाठी सिलिंडरच्या माथ्यात जास्तीची झडप व पोकळी ठेवावी लागे, आणि तो माथा तडकण्याबद्दलच या यंत्राची ख्याती झाली. ॲलिस-चामर्सच्या एचडी-१४ मध्ये जनरल मोटर्सचे दोन-धावी एंजिन होते. ते विजेवर सुरू होई. बॅटरी मेली की सारेच थांबले. शिवाय हवा भरणाऱ्या पंख्याची सीले झिजली की तेल सिलिंडरात ओढले जाई. मला विचाराल तर मी कॅटरपिलरच पसंत करीन. लहान एंजिन रानातही खोलून साफ करता येते. तडकलेला माथा तेथे सांधता येत नाही.

पण जिवाशी गाठ असते ती वळविण्याच्या क्लचांशी. ते कोरडे असत. शेजारच्या गिअरपेटीतील तेल झिरपून आत शिरले की ते घसरू लागत. उतारावर आणखी एक विपरीत घडते. उजवीकडे वळण्यासाठी नुसता उजवा क्लच सोडला, तर मोकळी झालेली उजवी साखळी वजनाने पुढे धावते आणि यंत्र डावीकडे वळते! कड्याच्या काठावर नवशिक्या चालकाला हे ठाऊक नसेल, तर सावरण्यास अवधी मिळत नाही.

साखळीच्या खिळी व नळ्या चिखल-वाळूने अखंड घासल्या जातात. जाणते कारागीर त्या अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवितात, म्हणजे न झिजलेली बाजू कामी येते. मात्र हे वेळीच करावयास हवे. नळी आरपार झिजल्यावर फिरवून उपयोग नाही. म्हणून जुना बुलडोझर पाहावयास गेलात, तर एंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून साखळी पाहा. विकणाऱ्याने रंग तेथे क्वचितच दिलेला असतो.