माशाच्या डोळ्यातून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्धापनदिनाचा फोटो आपणा सर्वांच्या घरी आहे. त्यात एकोणतीस जणी दिसतात. पण त्या दिवशी आपण होतो तेहतीस. दोघी कडेला कापल्या गेल्या, आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या आपल्या आजी जागा नाही असे पाहून दारातूनच परत गेल्या. फोटो मीच काढला होता. खोली लहान, माझी पाठ भिंतीला टेकलेली; आणखी मागे सरकणार कुठे? पुढे पावसाळ्यात आजी गेल्या. मंडळाच्या कपाटात त्यांचा एकही फोटो निघाला नाही. ती चुटपुट जाईना, म्हणून भिशीची पाळी येताच मी एक ‘फिशआय’ लेन्स घेतली. तिची ओळख आज करून देते.

पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला सगळे आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, एका वर्तुळात दिसते. कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. १९०६ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी फोटोची काच ठेवून तसे चित्र घेतले. हे नाव त्यांचेच. पुढे १९२४ साली इंग्लंडात रॉबिन हिल यांनी ढगांचे फोटो घेण्यासाठी अशी लेन्स तयार केली.

माझी लेन्स ७.५ मिलिमीटरची आहे. फोटोच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती १८० अंश टिपते. स्वस्त पडते याचे कारण तिच्यात मोटार नाही, विजेची जोडणी नाही. सारे हाताने फिरवायचे. कॅमेऱ्याला तर लेन्स बसवली आहे हेही कळत नाही! पहिल्या दिवशी बटण चालेना, तेव्हा पैसे बुडाले असेच मला वाटले. मग कळले, की लेन्सशिवाय फोटो घेण्याची सूट कॅमेऱ्याच्या मेनूत आधी द्यावी लागते.

बाकी काम सोपे आहे. छिद्राचे कडे ८ वर ठेवावे आणि फोकस दोन फुटांवर. मग साधारण एका फुटापासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट येते. पुढची काच फुगीर असते, म्हणून झाकण जपावे. आपली बोटे आणि पाय फोटोत येत नाहीत ना, तेही पाहावे.

तिचा खोडकरपणाही सांगते. मधून जाणारी रेघ सरळ राहते, कडेची मात्र धनुष्यासारखी वाकते. जे जवळ, ते भलतेच मोठे होते. नणंदबाईंचा फोटो मी अगदी जवळून काढला, तर त्या म्हणाल्या, “वहिनी, हे नाक माझं नव्हे!” तेव्हा ओळीत न बसता अर्धवर्तुळात बसावे, म्हणजे सगळ्या सारख्याच अंतरावर येतात. कॅमेरा चेहऱ्यांच्या उंचीवर, मधोमध आणि सरळ धरावा. भिंती थोड्या वाकतील, पण माणसे सुटणार नाहीत.

भाषण संपताच आपण फोटो काढणार आहोत. आत चहा करणाऱ्या भगिनींनी गॅस बंद करून आधी बाहेर यावे. चहाला आज थोडा उशीर झाला तरी चालेल.