दहा दुकानं, छत्तीस लाख वाटा
(इंदूर येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दवा बाजारातून दुकानांना औषधं पोचवण्याचं काम मी तीस वर्षं पाहतो आहे. टेम्पो आधी राजवाड्याकडे न्यायचा की पलासियाकडे, यात काय अवघड, असं मलाही वाटे. पण हिशेब पाहा. दुकानं १० असली तर ती घेण्याचे क्रम होतात ३६,२८,८००. १५ झाली की १ लाख ३० हजार कोटींच्या वर!

पेट्रोलच्या टँकरांसाठी हा प्रश्न डॅन्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ साली मांडला. १९८५ मध्ये हॉपफिल्ड आणि टँक यांनी फिरत्या विक्रेत्याच्या अशाच कोड्याला न्यूरल नेटवर्क लावून पाहिलं. हे हॉपफिल्ड म्हणजे २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. आजच्या नेटवर्कला हजारो उदाहरणांवर सराव देतात. मग नवी यादी दिली की ते क्षणात बरा क्रम सुचवतं. सर्वांत चांगलाच असेल, अशी हमी नाही.

माझ्या मते त्याचा जास्त उपयोग गोदामाची जागा ठरवताना आहे. रस्ता उद्या बदलता येतो, करार केलेलं गोदाम नाही. प्रत्येक जागेसाठी वर्षभराच्या फेऱ्या मांडत बसण्यापेक्षा नेटवर्ककडून खर्चाचा अंदाज घ्यावा आणि उरलेल्या दोन-तीन जागांचा नीट हिशेब करावा.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे मार्ग सुचवणारं सॉफ्टवेअर नवीन होतं. अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आज झांक्या आहेत, मागून जाऊ." मी स्क्रीन दाखवली आणि रागावलो. टेम्पो गर्दीत अडकला. बर्फाच्या पेटीत इन्शुलिन होतं. बर्फ वितळला, माल फेकावा लागला, आणि एका दुकानात पेशंटचा मुलगा रात्रीपर्यंत ताटकळत होता.

२०२१ मध्ये ॲमेझॉन आणि एमआयटीने स्पर्धा घेतली, ती अनुभवी ड्रायव्हर जातात तसे क्रम काढण्याची. जिंकलेल्या गटाचा भर न्यूरल नेटवर्कवर नव्हता. ड्रायव्हरांच्या फेऱ्यांतून नियम काढून त्यांनी ते जुन्या गणिती शोधपद्धतीला जोडले होते.

आता आमचे ड्रायव्हर यंत्राचा क्रम बदलू शकतात. बदल नोंदला जातो आणि यंत्र त्यावरून शिकतं. या शिकवणीचा मोबदला मात्र ड्रायव्हरला मिळत नाही. तो मिळावा, असं मी मालकांना लिहून दिलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.