परसातील दहा कोंबड्या

(केडगाव येथील सभासद व विद्यार्थ्यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने मला कुक्कुटपालनावर बोलायला सांगितले, तेव्हा काही तरुण मित्र हसले. शिक्षण, नोकरी, स्पर्धा परीक्षा हे विषय सोडून कोंबड्यांवर व्याख्यान कशाला, असे त्यांना वाटले असेल. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु माझे स्वतःचे शिक्षण कोंबड्यांच्या अंड्यांवर झालेले आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

1972 च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होतो. माझी आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जात असे. घरी शेत नव्हते, दूधदुभते नव्हते. होत्या त्या आठ-नऊ गावरान कोंबड्या. त्या उकिरड्यावर चरत, रात्री डालग्याखाली झाकल्या जात. अंडी विकून आलेले पैसे आई एका डब्यात ठेवत असे, आणि त्या डब्याला माझे वडीलही हात लावत नसत. जून महिन्यात तो डबा उघडला की माझ्या वह्या-पुस्तकांची सोय होई.

मी आठवीत जाणार त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी एक कोंबडी मान वाकडी करून गोल फिरू लागली. हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास घेणे. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेल्या. आईने शेजारणींच्या सांगण्यावरून हळद लावली, कांदा चारला. मग बाजाराच्या दिवशी, ज्या तीन अजून धडधाकट दिसत होत्या, त्या तिने बाजारात नेऊन विकल्या. त्यांतली एक माझ्या मावशीनेच नेली. आठ दिवसांत आमचे खुराडे रिकामे झाले आणि पंधरा दिवसांत मावशीचेही. त्या जूनमध्ये मी दुसऱ्याची फाटकी पुस्तके घेऊन शाळेत गेलो. मावशीच्या मुलीला मात्र तीही मिळाली नाहीत. तिची शाळा सुटली ती सुटलीच.

पुढे मी पशुसंवर्धनाच्या कामात नोकरीला लागलो तेव्हा कळले, की त्या रोगाला मानमोडी किंवा राणीखेत म्हणतात, त्यावर औषध नाही, पण लस आहे, आणि ती लस आपल्या देशात तेव्हाही मिळत होती. आईने लबाडी केली नाही, तिला ठाऊक नव्हते. परंतु न कळता केलेल्या गोष्टीचेही फळ कोणाला तरी भोगावे लागते. आज तुम्हाला जे सांगणार आहे ते एवढ्यासाठीच.

आता मूळ विषयाकडे येतो. अंड्याचे महत्त्व काय? एका साधारण 50 ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने असतात, शिवाय लोह, अ जीवनसत्त्व आणि ब 12 जीवनसत्त्व. माणशी वर्षाला 180 अंडी खावीत अशी पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. 2023-24 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात उपलब्धता होती माणशी 103. आणि ही सरासरी आहे. जो रोज दोन खातो त्याचीही त्यात गणना आहे आणि ज्याच्या ताटात महिन्यात एकही येत नाही त्याचीही.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. आनंद वाटला. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला गेला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगण्यात आले. यावर तक्रार करावी, निवेदने द्यावीत, तो आपला हक्कच आहे. परंतु मूल आज वाढते आहे. निवेदनाचे उत्तर येईपर्यंत त्याची हाडे थांबत नाहीत.

केडगाव आता पूर्वीचे खेडे राहिलेले नाही. 2003 साली अहमदनगरची महानगरपालिका झाली, 2024 मध्ये शहर-जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांची दाटी झाली. त्यामुळे शंभर कोंबड्यांची गोष्ट मी करत नाही. ज्याच्या घरामागे चार-पाच हात मोकळी जागा आहे, त्याच्यासाठी दहा कोंबड्या पुरेशा आहेत. महानगरपालिकेचे नियम आधी विचारून घ्या आणि शेजाऱ्यांनाही विचारा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, त्यामुळे पहाटेच्या आरवण्याचा त्रास टाळता येतो.

इथे काही वडीलधाऱ्यांची शंका असते, की अंडे खाणे म्हणजे जीवहत्या नाही का? कोंबडा नसलेल्या खुराड्यातील अंडे फलित नसते. त्यातून पिल्लू कधीच होत नाही. ज्याला पिल्ले काढायची आहेत त्याने आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा. कोंबडी म्हातारी होऊन अंड्यावरून गेली की तिचे काय करायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे. काहीजण तिला मरेपर्यंत सांभाळतात, काहीजण विकतात. ज्याने त्याने ते आपल्या मनाशी आधीच ठरवावे. आणल्यावर ठरवू म्हणू नये.

जात कोणती निवडावी? आपली गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, पण ती काटक असते, घारीला ओळखते, खुडूक बसून पिल्ले काढते. सुधारित जातींत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज व ग्रामप्रिया, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, तसेच कावेरी या जाती परसासाठी काढलेल्या आहेत. त्या गावरानच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त अंडी देतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत तोच गुण टिकेल याची खात्री नसते. माझा सल्ला असा, की सात-आठ सुधारित ठेवा आणि दोन गावरान. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. बियाण्याला जे लागू आहे ते कोंबडीलाही लागू आहे. गावरान वाण एकदा गेले की पैसे देऊनही परत मिळत नाही.

पिल्ले सरकारी किंवा खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच घ्या. रस्त्यावर रंगवलेली पिल्ले मिळतात ती बहुधा नर असतात, त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नये. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने एक दिवसाचे पिल्लू आणण्यापेक्षा लस झालेली महिना-दीड महिन्याची पिल्ले आणावीत. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, ती पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडते आहे, आणि सारखी पसरली तर ठीक आहे असे समजावे.

खुराडे पाच फूट लांब व चार फूट रुंद पुरते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, जाळी मुंगूस शिरणार नाही इतकी बारीक असावी आणि दाराला कडी असावी. सर्वांत जास्त कोंबड्या आजाराने मरतात, त्याखालोखाल रात्री कडी लावायला विसरल्याने. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्रा तापतो, म्हणून वर उसाचे पाचट किंवा गोणपाट टाकून ते ओले करावे. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारी पेटी पुरे. पाणी सावलीत ठेवावे. उन्हाळ्यात दहा कोंबड्यांना दिवसाला अडीच-तीन लिटर सहज लागते.

आता हिशेब. विद्यार्थी मित्रांनी तो लिहून घ्यावा. दहा कोंबड्या, प्रत्येकी वर्षाला 150 अंडी धरली तर 1500 अंडी झाली, म्हणजे दिवसाला चार. त्यांतली दोन घरच्या मुलांना, दोन विकायला. महिन्याला विक्रीची 60 अंडी झाली. दहा रुपये धरले तर 600 रुपये. आता खर्च पाहा. पूर्ण विकतचे खाद्य घातले तर कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम लागते, म्हणजे दहांना महिन्याला 35 किलोच्या घरात. किलोला 30 रुपये धरले तरी हजार रुपयांच्या वर गेले. चारही अंडी विकली तरी हातात फारसे उरणार नाही. म्हणून परसातील कोंबडी अर्धी तरी आपल्या घरच्या जिनसांवर जगली पाहिजे. भाजीचे देठ, उरलेली भाकरी, निवडलेल्या बाजरी-ज्वारीची चाळण, शेवग्याचा पाला, लसूणघास, उकिरड्यातील किडे. विकतचे खाद्य संध्याकाळी 40-50 ग्रॅम पुरे. ज्याला हे जमणार नाही त्याने कर्ज काढून या धंद्यात पडू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

दोन गोष्टी मात्र चुकवू नका. एक, शिंपल्यांचा चुरा. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ते खाण्यातून मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते आणि पाय लुळे पडतात. दुसरी, बुरशी आलेला मका किंवा पेंड. स्वस्त मिळाली म्हणून आणू नका, तिच्यातील विषाने कोंबडीचे यकृत जाते. थंडीत दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी कमी होतात, कारण चांगल्या अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. पहाटे दोन-तीन तास एक छोटा दिवा लावला तर फरक पडतो.

आता माझ्या व्याख्यानाचा मुख्य भाग. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यायचा, दोन आठवड्यांनी गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवी रोगाची आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी लस टोचायची. नेमके वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषध. हे सारे साधे आहे. मग आपली माणसे करत का नाहीत?

कारण लसीची बाटली बहुधा शंभर मात्रांची किंवा त्याहूनही मोठी असते. ती 2 ते 8 अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्याच्या घरी दहा कोंबड्या आहेत त्याने शंभर मात्रा आणून करायचे काय? तो म्हणतो, जाऊ दे. आणि त्या ‘जाऊ दे’ मध्ये सगळी आळी मरते. दहा घरांनी एकाच दिवशी, बर्फाच्या थर्मासमध्ये एकच बाटली आणली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला थोडकेच पैसे येतात. दहा घरे, शंभर कोंबड्या, एक बाटली. एकट्याला जे परवडत नाही ते दहा जणांना परवडते. आणि दहांपैकी एकाने टाळले तर त्याचे खुराडे उरलेल्या नऊ घरांना धोका ठरते.

दुसरे, रोग लपवू नका. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात तो पुन्हा दिसला. त्या वेळी लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि अफवांनी निरोगी कोंबड्यांचाही भाव पडला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. एकाएकी मरतूक सुरू झाली तर दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी उघड्या हातांनी धरू नका, ओढ्यात टाकू नका, डॉक्टर सांगतील तसे खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि उरलेल्या धडधाकट दिसतात म्हणून बाजारात नेऊ नका. त्या बाजारात कोणाची तरी मावशी उभी असते.

संस्थेपुढे माझी छोटी सूचना आहे. एकदम पन्नास घरे घेऊ नका. पहिल्या वर्षी दहाच घरे निवडा, शक्यतो जिथे कारभार बाईच्या हाती आहे अशी. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी एक वही ठेवावी. कोणाकडे किती अंडी, किती मरतूक, लस कोणत्या तारखेला, एवढेच तिच्यात लिहावे. दर आठवड्याला प्रत्येक घराने पाच अंडी दिली तर पन्नास अंडी होतात. जवळच्या शाळेतील पन्नास मुलांच्या ताटात आठवड्याला एक अंडे पडेल. लोकसहभाग म्हणतात तो हाच. वर्षाने वही उघडून बघा. तोटा दिसला तर थांबा आणि फायदा दिसला तर दहाची वीस घरे करा.

अंड्याच्या पैशांचा डबा मात्र घरातील बाईच्याच ताब्यात राहू द्या. तो जूनमध्ये उघडू द्या. मावशीची ती मुलगी आज आजी झाली आहे. तिची नात गेल्या वर्षी बारावी झाली. तिच्या परसात बारा कोंबड्या आहेत आणि त्यांच्या लसीच्या तारखा तिने दाराच्या मागे खडूने लिहून ठेवल्या आहेत. तेवढे बघितले आणि माझ्या नोकरीचे सार्थक झाले असे वाटले.