हात चुकला तरी हक्क चुकत नाही

(माढा येथे ऊसतोड कामगार महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या हंगामात फडावरची एक बाई हाताला फडकं गुंडाळून माझ्याकडे आली. कोयता लागून दोन बोटं गेली होती. भरपाई मागू या म्हटलं, तर म्हणाली, "ताई, माझाच हात चुकला. कुणाला काय म्हणू?" दवाखान्याचा खर्च मुकादमानं उचलीत धरला होता. त्यातही तिला वावगं वाटलं नव्हतं.

आज तिच्या त्या एका वाक्यावरच बोलायचं आहे. कामगार भरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याचा गाभा असा, की काम करताना, कामामुळे इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हात चुकला, घाई झाली, म्हणून आपला हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं अशा मोजक्या कारणांनीच मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तीही सबब चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली; गाभा तोच राहिला.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली गोष्ट ऐका. साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ च्या पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, म्हातारी आई. २००९ साली त्यांना ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर झालं. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. कारण, अपघात कामावर नव्हे, वाटेवर झाला! २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भरपाई परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल, तर कामाची वाटही कामातच धरायची, असं सांगितलं. नव्या संहितेत तर हे लिहूनच ठेवलंय. पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फडावर जाणाऱ्या आपण हे विसरू नये.

बावीस वर्षं ती बाई लढली. पण तिच्या नवऱ्याची नोकरी तरी कागदावर होती. आपलं काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. बोटं गेली, तर ती कामावर होती हे सांगणार कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. फडावरच्या मजुराला हा कायदा लागूच नाही, असाही वाद वकील घालतात. म्हणून कागद जमवायचे.

करारात बाईचं नाव वेगळं घालायला लावा. इजा झाली की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना "पडले" सांगू नका. "ऊस तोडताना कोयता लागला" असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्या. टोळीतल्या दोघींची नावं साक्षीदार म्हणून टिपा. वजनाच्या पावतीची नक्कल ठेवा. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. दावा दोन वर्षांच्या आत करा. तो आपण राहतो त्या भागातही करता येतो. परमुलखात खेटे नकोत. "हक्क सोडला" अशा कागदावर अंगठा घेतला असला, तरी त्यानं कायद्याचा हक्क जात नाही. आणि १९२३ च्या कायद्यातच लिहिलं होतं, की बाईची एकरकमी भरपाई आयुक्तांकडे जमा करूनच द्यायची. परस्पर नवऱ्याच्या वा मुकादमाच्या हातात नाही.

त्या बाईचा अर्ज आम्ही दाखल केलाय. निकाल लागायचा आहे. मुकादम म्हणतो, पुढच्या हंगामाला हिला नेणार नाही. तिला एकटी पाडायची की तिच्यासोबत तारखेला जायचं, हे आपण इथून उठायच्या आधी ठरवू या.