मापाखालचा दिवा



गेली तीसेक वर्षं मी नाशिकमध्ये संडे स्कूल घेते. रविवारी उपासनेआधीचा तासभर, खाली चटई आणि चटईवर पंधरा-वीस मुलं. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी आम्ही येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आलो होतो. दिवा लावायचा तो दिवठणीवर ठेवायला, मापाखाली झाकायला नव्हे, हे मी समजावून सांगत होते. पाचवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, माप म्हणजे काय?"

खरंच की! या मुलांच्या घरी गहू दहा किलोच्या पिशवीतून येतो. माप त्यांनी कुठं बघायचं?

पुढच्या रविवारी मी सासूबाईंचा पितळी शेर घेऊन गेले. दळणाची बाजरी त्या यानंच मोजायच्या. काठाला एक पोचा आहे, बाहेरून चिंचेनं घासून घासून पितळ पिवळंधमक झालेलं आहे. चार शेरांची पायली, वगैरे सांगून झालं. मग फरशीवर पणती लावली आणि तिच्यावर शेर उपडा घातला. उजेड दिसेनासा होतो, एवढंच मला दाखवायचं होतं. "बघा, दिवा आत आहे, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही," असं म्हणत म्हणत मी शेर उचलला.

आतून पांढरा धूर निघाला. वातीचं टोक क्षणभर लाल दिसलं आणि काळं पडलं. दुसरीतला एक मुलगा फरशीवर पालथा पडून हे सगळं अगदी जवळून बघत होता. तो म्हणाला, "बाई, लपला नाही. मेला."

मोठ्या मुलांनी लगेच ऑक्सिजनचं सांगितलं, विज्ञानाच्या पुस्तकात तो प्रयोग आहेच. पण मी त्या लहानग्याच्या शब्दाशीच अडकून राहिले. इतकी वर्षं मी हा दृष्टान्त लपवण्याचा म्हणून शिकवत आले. आपली भक्ती आपल्यापाशी, कुणाला दिसली नाही तरी आत तेवते आहे, अशी माझी समजूत. त्याच महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई आजारी होत्या. मी रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते, मनापासून करत होते, आणि एकदाही जिना उतरले नव्हते. त्या रविवारी दुपारी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन उतरले. जिन्याच्या पायऱ्या सोळा आहेत, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्यापर्यंत पोचवलेला उजेड कुठवर जातो, हे दाखवायला मुलांना मग मी आपल्या नाशिकच्याच शरणपूरची गोष्ट सांगितली. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. पण हे नाव शरण आलेल्यांचं गाव म्हणून पडलं. १८५४ च्या सुमारास मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांच्या तळातून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं मुंबईला उतरत, आणि त्यांतली कितीतरी इथं शरणपूरला यायची. आईबापांपासून तोडलेली, काळोखात कोंडून आणलेली पोरं. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. 'नाशिकची मुलं' हेच नाव त्यांना पुढं पडलं.

त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या सफरीत तो सामील झाला होता. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना जेकबनं वाचली, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मग देह खांद्यावर घेऊन ती माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत गेली. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा जेकब तिथं हजर होता.

मला त्या खोडावरच्या अक्षरांचं फार वाटतं. शरणपूरच्या कुठल्याशा ओसरीवर एका परक्या मुलाला कुणीतरी हात धरून ती गिरवायला लावली असतील. शिकवणाऱ्याला काय ठाऊक, ती कुठल्या अरण्यात उजळायची आहेत!

आपल्या लक्ष्मीबाई टिळकही याच गोदाकाठच्या. जन्म १८६८ चा, इथल्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्या-ओवळ्याचा कहर. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोलमडल्या, काही काळ वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या वर्षांत जातिभेदाची गाठ त्यांची त्यांनीच सोडवली. मग त्यांच्या घराला दारच उरलं नाही म्हणायचं, दुसऱ्यांची किती मुलं तिथं जेवली, वाढली. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते योग्यच आहे, पण त्या मुलांच्या ताटात भाकरी वाढणारा हात लक्ष्मीबाईंचा होता, हे मी माझ्या वर्गात मुद्दाम सांगते.

आता गेल्या नाताळच्या आदल्या रात्रीचं सांगते. आमच्याकडे उपासनेच्या शेवटी चर्चमधले दिवे मालवतात आणि वेदीजवळच्या मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत मागच्या बाकापर्यंत जाते. मुलांना आधी बजावून ठेवावं लागतं, पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली वाकवायची. नाहीतर गरम मेण हातावर सांडतं. पुठ्ठ्याची चकती असते, पण ती कितीशी पुरणार?

आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ आहेत, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्या शेजारी चार वर्षांची एक चिमुरडी उभी होती. तिनं मेणबत्ती वाकवून धरली, टाचा उंचावल्या, पण पोचेना. आजोबांना आपली मेणबत्ती खाली कलती करता आली असती, पण मेण तिच्या हातावर पडलं असतं. त्यांनी एका हातानं बाक धरला आणि सावकाश, ओठ मिटून, एकेक गुडघा टेकत ते खाली बसले. ज्योत सरळच राहिली, फक्त खाली उतरत आली. त्या पोरीच्या नाकासमोर येऊन थांबली.

गव्हाणीतल्या बाळाविषयी मी जन्मभर बोलत आले आहे. देव आपल्या उंचीला उतरला, हे शिकवायला माझ्याकडे चित्रं आहेत, गाणी आहेत. त्या रात्री ते उतरणं मला फरशीवर बसलेलं दिसलं.

मेणबत्ती पेटली तशी ती मुलगी उजेडात हसली नाही की आईकडे वळली नाही. ती इकडेतिकडे बघत राहिली, कुणाची राहिली आहे का ते. सगळ्यांच्या पेटलेल्या होत्या. मग तिला उघड्या दारातून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले वॉचमनकाका दिसले. कानटोपी घातलेले, अंधारात. ज्योतीला हाताचा आडोसा करून ती निघाली, मागोमाग आई धावली. डिसेंबरचं नाशिक, बाहेर बोचरा वारा. वाटेत ज्योत दोनदा विझली. दोन्ही वेळा ती आजोबांकडे परत आली, मेणबत्ती वाकवून उभी राहिली. आजोबा अजून खालीच बसलेले होते.