पत्त्यांवर चालणारा संसार



आखाजी म्हटली की आपल्या खान्देशात माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणतात, निंबाला झोके बांधतात. आणि पुरुष मंडळी? पारावर नाहीतर ओट्यावर पत्त्यांचे डाव मांडून बसतात. सण सरला की बहुतेकांचे डाव मोडतात. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्यांचा डाव वर्षभर मोडतच नाही, अशा नवरा-बायकोंविषयी. दोघांचाही धंदा एकच, पोकर खेळणं.

मूळची कॅनडाची क्रिस्टन फॉक्सन आणि तिचा अमेरिकन नवरा ॲलेक्स यांचं नाव या खेळात मोठं आहे. अमेरिकेत लास वेगासला १९७० पासून पोकरची जागतिक स्पर्धा भरते. बक्षीस म्हणून पैशांसोबत सोन्याचं कडं मिळतं. क्रिस्टनने पहिलं कडं २०१३ मध्ये महिलांच्या स्पर्धेत जिंकलं. २०२४ च्या मुख्य स्पर्धेत १०,११२ जण उतरले होते. त्यात ती १३ वी आली. बायकांमध्ये शेवटपर्यंत टिकली ती तीच.

ऐकायला छान वाटतं. पण हा संसार कसा चालतो ते बघा. आज या शहरात, महिन्याने दुसऱ्या देशात. घर म्हणजे हॉटेलची खोली. एकेका दिवशी दहा-बारा तास एका जागी बसायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. नवरा-बायको एकाच टेबलावर आले, तर एकमेकांविरुद्धच खेळायचं. तिथे एकमेकांना सांभाळून घेतलं तर नियमाने ती लबाडी ठरते.

आणि कमाई? त्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर, म्हणजे आपले ८ लाखांहून जास्त. शंभर जण बसले तर साधारण पंधरा जणांना काही मिळतं. बाकीचे ८५ फी घालवून उठतात. चांगल्या खेळाडूलाही कित्येक महिने हात रिकामे येतात. घरात एकाचा पगार असला तर निभावतं. इथे दोघांचीही शेती कोरडवाहू! म्हणून जाणते खेळाडू दोन पैसे वेगळे ठेवतात. घरखर्चाचा वेगळा, खेळाचा वेगळा. एका डावात खेळाच्या पैशातला लहानसा हिस्साच लावतात, आणि प्रत्येक दिवसाचा हिशोब वहीत मांडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. पोकरमध्ये अक्कल लागते, हे खरं आहे. पण टेबलावरचा पैसा वाढत नाही. तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि मधे अड्डेवाला आपली नाल काढून घेतो. ॲपवालाही तेच करतो. म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांचा मिळून पैसा कमीच होतो. दोन-चार जणांचं पोट भरायचं तर शेकडो जणांनी हरलंच पाहिजे. आपल्याला दिसतात ते जिंकणारे. हरणाऱ्यांचे फोटो कोण छापतं?

कायद्याचंही माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. जाहिरातवाले वर्षानुवर्षं हेच सांगत आले. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी आली. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही. म्हणून घरात कोणी यात अडकला असेल, तर पोलिसांच्या भीतीने झाकून ठेवू नका. तरीही चोरून चालणारं एखादं ॲप पैसे मागत असेल, तर समजा की तिथे बुडालेला पैसा परत मागायलाही जागा नाही.

उद्या मुलगा म्हणाला, "आई, मी यातच करिअर करतो," तर ओरडू नका, रडू नका. तीन गोष्टी विचारा. वर्षभराचा हिशोब दाखव, जिंकलेला आणि हरलेलाही. पैसा कोणाचा आहे, तुझ्या कमाईचा की उचललेला? आणि किती हरलास की थांबणार, ते आजच लिहून दे. खऱ्या खेळाडूकडे तिन्हीची उत्तरं असतात. ज्याच्याकडे वही नाही, तो खेळाडू नाही, गिऱ्हाईक आहे.

नवऱ्याच्या बाबतीत आणखी एक. पीककर्ज, भिशी, बचत गटाचा हप्ता आणि अंगावरचं सोनं यांना हात लावू द्यायचा नाही. "एकदाच दे, सगळं परत आणतो," हे वाक्य कानावर आलं की समजायचं, माणूस आता खेळत नाही, खेळ त्याला खेळवतोय. अशा वेळी १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत. फोन त्यानेच केला पाहिजे असंही नाही, तुम्हीही करू शकता.

आणि बायांनो, घरखर्चाची वही आजपासून आपल्या हातात ठेवा.